समर ब्रेकमध्ये प्रीमेडचे तास पण आणि स्वतःचा प्रोजेक्ट पण: दोन्ही कसं बसवायचं

अमेरिकेत कॉलेजात प्रीमेड ट्रॅकवर, म्हणजे पुढे मेडिकलला जायच्या तयारीत असलेल्या मराठी मुलामुलींशी बोलताना एक गोष्ट दरवर्षी ऐकू येते, मेमध्ये फायनल्स संपल्या की डोक्यात दोन याद्या असतात, एक शॅडोइंग (डॉक्टरसोबत राहून त्याचं काम बघणं), व्हॉलंटियरिंग, रिसर्च आणि एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, आणि दुसरी स्वतःची, म्हणजे ॲप बनवायचंय, कथा लिहायच्यात, तबल्याचं रेकॉर्डिंग करायचंय, जुनी सायकल पूर्ण खोलून परत जोडायचीय. ऑगस्ट येईपर्यंत पहिली यादी अर्धी झालेली असते आणि दुसरीला हातही लागलेला नसतो, आणि वाईट हे की त्याचं कुणालाच काही वाटत नाही, "मेडिकलला जायचंय ना, मग हे चालायचंच" असं म्हणून विषय संपतो.

मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कॅलेंडरवर स्वतःचा प्रोजेक्ट आधी टाका आणि क्लिनिकल काम, म्हणजे हॉस्पिटल-पेशंटजवळचं काम, त्याच्याभोवती बसवा. उलटं केलं तर प्रोजेक्टला जागा मिळतच नाही, कारण हॉस्पिटलच्या शिफ्टला कुणीतरी वाट बघत असतं, लॅबमध्ये पीआय, म्हणजे लॅबचा प्रमुख, विचारतो, आणि प्रोजेक्टचं विचारणारं कुणीही नसतं. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने करायचं आहे, काही भाग लांब आहेत कारण तिथेच सगळे अडकतात.

पायरी १: हा कुठला समर आहे ते आधी बघा

सगळे समर सारखे नसतात. पहिल्या वर्षानंतरचा समर सगळ्यात मोकळा, इथे मोठा प्रोजेक्ट घ्या, बिनधास्त घ्या, आणि क्लिनिकलचं एकच काम सुरू करा. दुसऱ्या वर्षानंतरचाही बऱ्यापैकी मोकळा असतो.

तिसऱ्या वर्षानंतरचा मात्र वेगळा. तुम्ही गॅप इयर न घेता, म्हणजे मध्ये वर्षभर न थांबता, सरळ मेडिकलला जाणार असाल तर याच समरमध्ये अर्ज जातो. एएमसीएएसचा, म्हणजे बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जाचा, फॉर्म मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला सबमिट करता येतो, आणि बहुतेक मेडिकल कॉलेजं रोलिंग पद्धतीने, म्हणजे अर्ज येतील तसे, बघतात म्हणून लवकर पाठवलेला बरा. मग जुलैपासून सेकंडरी निबंधांचा, म्हणजे प्रत्येक कॉलेज स्वतः वेगळे मागतं त्या निबंधांचा, पाऊस सुरू होतो, एकेका कॉलेजचे तीन-चार निबंध, आणि पंधरा-वीस कॉलेजांना अर्ज केला असेल तर हिशोब तुम्हीच करा. त्या समरमध्ये प्रोजेक्ट अगदी छोटा ठेवा, आठवड्याला दोन-तीन तासांचा, पण शून्यावर आणू नका, कारण दिवसभर स्वतःबद्दल निबंध लिहिणाऱ्या माणसाला दुसरं काहीतरी हातात लागतंच. टेक्सासच्या टीएमडीएसएएस या अर्जाची आणि डीओ (ऑस्टिओपॅथिक) मेडिकल कॉलेजांच्या एएकोमास या अर्जाची वेळापत्रकं वेगळी आहेत, तिथे अर्ज करणार असाल तर त्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा.

आणि एमकॅटचा समर असेल तर स्पष्टच सांगते, एमकॅट, फुल टाइम काम आणि मोठा प्रोजेक्ट ही तिन्ही एकत्र होत नाहीत. परीक्षा ब्रेक धरून साडेसात तासांच्या आसपास चालते, चार सेक्शन, स्कोअर ४७२ ते ५२८, आणि तयारीला बरेच जण ३०० तासांच्या आसपास धरतात. बारा आठवड्यांत ३०० तास म्हणजे आठवड्याला २५ तास झाले. त्यात एक चार तासांची शिफ्ट आणि पाच-सहा तासांचा प्रोजेक्ट बसतो, त्याहून जास्त काही घेतलं तर एक ना धड भाराभर चिंध्या. परीक्षेच्या तारखा जानेवारीत आणि मग वसंतापासून सप्टेंबरपर्यंत असतात, रिझल्टला साधारण महिना लागतो, म्हणजे अर्जाच्या वर्षी परीक्षा किती उशिरा चालेल हे त्या महिन्यासकट मोजायचं.

पायरी २: अर्जात नक्की जागा किती ते समजून घ्या, म्हणजे भीती कमी होते

एएमसीएएसमध्ये वर्क अँड ॲक्टिव्हिटीज नावाचा भाग असतो, त्यात जास्तीत जास्त १५ नोंदी, प्रत्येकीला ७०० कॅरॅक्टर. त्यातल्या तीन नोंदी मोस्ट मीनिंगफुल म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ कॅरॅक्टर मिळतात. बस एवढंच. म्हणजे चार वर्षांतलं सगळं मिळून १५ चौकोन, आणि ते पंधराच्या पंधरा भरलेच पाहिजेत असंही काही नाही.

आता गंमत बघा, याच यादीत कॅटेगरी म्हणून हॉबीज आहे आणि आर्टिस्टिक एंडेव्हर्स पण आहे. फॉर्म बनवणाऱ्यांनीच त्याला जागा ठेवलीये. आणि मुलाखतीला बसणारा डॉक्टर एका दिवसात कितीतरी मुलांचे शॅडोइंगचे तास बघत असतो, तिथे कुणी हाताने टेलिस्कोपची लेन्स घासलीये असं दिसलं तर तो त्याबद्दलच विचारणार. पण तेवढ्यासाठी प्रोजेक्ट करू नका हो. अर्जासाठी म्हणून निवडलेला प्रोजेक्ट पहिल्या कंटाळ्यालाच सुटतो, स्वतःला हवा असलेला टिकतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

तासांचं पण एक गणित बघून ठेवा. आठवड्याला चार तासांची शिफ्ट बारा आठवडे केली तर ४८ तास होतात. तीच शिफ्ट वर्षभर, सुट्ट्या-परीक्षा सोडून ४० आठवडे केली तर १६०. म्हणजे समरमध्ये रोज धावून थकण्यापेक्षा समरमध्ये सुरू केलेलं काम पुढे चालू ठेवणं जास्त तास देतं, आणि तुम्ही टिकून राहता हेही त्यातून दिसतं. हे एकदा डोक्यात बसलं की समरवरचा दबाव बराच उतरतो.

पायरी ३: कागदपत्रं फेब्रुवारी-मार्चमध्येच

हा भाग कंटाळवाणा आहे पण अर्धा समर इथेच जातो. हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर व्हायचं म्हणजे अर्ज, मुलाखत, बॅकग्राउंड चेक, लसीकरणाचे पुरावे, टीबीची टेस्ट, ओरिएंटेशन, आणि हे सगळं होऊन बॅज मिळेपर्यंत कित्येक आठवडे जातात. मेमध्ये अर्ज केला तर जुलै उजाडतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज टाका.

ज्यांचा जन्म भारतात झालाय त्यांच्यासाठी खास: लहानपणी बीसीजीची लस घेतलेली असते, त्यामुळे टीबीची स्किन टेस्ट टीबी नसतानाही पॉझिटिव्ह दिसू शकते, मग छातीचा एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, आणखी दोन-तीन आठवडे गेले. त्याऐवजी आधीच इग्रा नावाची रक्ताची टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही, आणि स्किन टेस्टसारखं ४८ ते ७२ तासांनी परत दाखवायलाही जावं लागत नाही. लसींची जुनी कार्डं घरी सापडत नसतील तर गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसाठी रक्तातली टायटर टेस्ट करून घेता येते, इम्युनिटी दिसली की बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं.

व्हिसाचं काय

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, असाल तर कॅम्पसबाहेर पैसे घेऊन काम करायला परवानगी लागते. कॅम्पसवरचं काम सेमिस्टरमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत आणि ब्रेकमध्ये फुल टाइम चालतं, म्हणून युनिव्हर्सिटीच्या लॅबमधलं पगारी काम हा चांगला मार्ग आहे. एच-४ वरच्या, म्हणजे आई-वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांना पगारी काम करताच येत नाही, खरंखुरं बिनपगारी व्हॉलंटियरिंग मात्र करता येतं. जे काम एरवी पगार देऊनच करून घेतात, उदाहरणार्थ स्क्राइबचं (डॉक्टर पेशंट तपासताना नोंदी लिहून घेणं), ते "मी फुकट करतो" म्हणून घेणं हे व्हॉलंटियरिंग धरलं जात नाही, त्या वाटेला जाऊ नका.

आणि प्रोजेक्टबद्दल कुणी सांगत नाही ते इथे सांगते. ॲपवर जाहिराती लावून पैसे घेणं, व्हिडिओंवर कमाई सुरू करणं, हाताने केलेल्या वस्तू ऑनलाइन विकणं, हे पण काम धरलं जाऊ शकतं. तेव्हा व्हिसावर असाल तर प्रोजेक्ट बिनपैशाचाच ठेवा, आणि जराही शंका आली तर कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये लेखी विचारा. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे आरईयू नावाचे समर रिसर्च प्रोग्राम चांगले असतात, स्टायपेंडही मिळतो, पण ते सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच आहेत, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवायच्या आधी हे बघा.

पायरी ४: क्लिनिकलचं एकच मुख्य काम निवडा

शॅडोइंग म्हणजे बघणं. व्हॉलंटियरिंग म्हणजे पेशंटच्या जवळ असणं, पाणी देणं, व्हीलचेअर ढकलणं, बोलणं. आणि स्क्राइब, सीएनए (नर्सच्या हाताखाली पेशंटची रोजची काळजी घेणारा सहाय्यक), ईएमटी (ॲम्ब्युलन्सवर तातडीची मदत देणारा) ही पगारी कामं. प्रत्येकाला समरमधून वेगळा वेळ लागतो आणि इथेच लोकांचं गणित चुकतं.

ईएमटीचा कोर्स साधारण १५० तासांच्या पुढे असतो, त्यानंतर परीक्षा, त्यानंतर नोकरी शोधणं. म्हणजे समरमध्ये कोर्स केलात तर प्रत्यक्ष पेशंटबरोबरचं काम पानगळीत सुरू होतं. वाईट काही नाही, पण तो समर कोर्सचा आहे हे आधीच मान्य करा. सीएनएसाठी फेडरल नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग लागतं आणि काही राज्यांत बरंच जास्त, कॅलिफोर्नियात १६०. हे काम शरीराने दमवणारं आहे, पेशंटला उठवणं, अंघोळ घालणं, कपडे बदलणं, पण माणसाच्या आजारपणाच्या इतकं जवळ दुसरं कुठलंच काम नेत नाही. पैसे कमवायची गरज असेल तर पहिल्या समरमध्ये सीएनए करून पुढे वीकेंडला चालू ठेवणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा रस्ता वाटतो. स्क्राइबला ट्रेनिंग कमी, शिकायला खूप मिळतं, डॉक्टर विचार कसा करतो ते दिसतं, पण शिफ्ट वेड्यावाकड्या असतात, विशेषतः इमर्जन्सीमध्ये. रात्री बाराला सुटलात तर दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली असंच धरा.

हॉस्पिसचं, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटसोबतचं, व्हॉलंटियरिंग फार कमी जण निवडतात. आधी ट्रेनिंग होतं, मग आठवड्यातून एखादी भेट, वेळ बऱ्याचदा तुम्हीच ठरवायची. ज्यांना प्रोजेक्टसाठी सलग वेळ हवाय त्यांना हे छान जमतं, तास कमी पण मनावर काम खोल. त्या भेटीनंतरचे दोन-तीन तास मोकळे ठेवा.

शॅडोइंग आठवड्याला दोन-दोन तास असं पसरू नका. डॉक्टरला विचारून सलग चार-पाच दिवस पूर्ण ओपीडी बघा, ४० तास तिथेच होतात, आणि एकाच डॉक्टरकडे सलग बसल्यावर सोमवारचा पेशंट गुरुवारी परत आलेला पण दिसतो. त्यात एखादा तरी फॅमिली डॉक्टर किंवा इंटर्नल मेडिसिनवाला असू द्या, सगळेच सर्जन बघायला धावतात.

ज्यांना पगारी नोकरी करावीच लागते, दुकानात, कॅफेत, कुठेही, त्यांनी कमीपणा वाटून घेऊ नका. अर्जात नॉन-मेडिकल पगारी कामाची वेगळी कॅटेगरी आहे आणि ती वाचली जाते.

पायरी ५: प्रोजेक्ट कापा, अजून कापा

एक वाक्य लिहा: "१५ ऑगस्टला माझ्या हातात अमुक असेल." अमुकच्या जागी अशी गोष्ट हवी जी दुसऱ्याला दाखवता येते. "मशीन लर्निंग शिकणार" हे दाखवता येत नाही. "कादंबरी लिहिणार" हे बारा आठवड्यांत होत नाही. तीन कथा होतात. आजीला गोळ्यांची आठवण करून देणारं एका स्क्रीनचं ॲप होतं. दोन राग नीट बसवून एक-एक रेकॉर्डिंग होतं. एक टेबल होतं, पूर्ण फर्निचर सेट नाही.

मग सुचलेलं अर्धं करा. खरंच अर्धं, कारण समरमध्ये एक आठवडा आजारपणात जातो, एक लग्नात किंवा पाहुण्यांत, आणि शिफ्ट बदलतात. पूर्ण झालेली छोटी गोष्ट पुढच्या समरला वाढवता येते, अर्धवट मोठी गोष्ट उघडून बघायलाही नको वाटते.

प्रोजेक्ट मेडिकलशी जोडायचा मोह टाळा. चित्र काढायची आवड असेल तर चित्रं काढा, "पेशंट वेलनेससाठी आर्ट" असं काही करायची गरज नाही. आतून खरोखर तसं वाटत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि एक लाल रेघ. पेशंटबद्दलचं काहीही प्रोजेक्टमध्ये यायला नको. हिपा हा पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा कायदा व्हॉलंटियरला आणि विद्यार्थ्यालाही लागू होतो, हॉस्पिटलच्या नजरेत तुम्ही त्यांच्याच कामकऱ्यांपैकी एक. नाव काढलं की झालं असं नसतं, ओळख पटवणाऱ्या माहितीचे १८ प्रकार त्यात धरलेत, त्यात तारखा येतात, गावाचं नाव येतं, फोटो येतो. कथा लिहिताय, पॉडकास्ट करताय, रील बनवताय, वॉर्डमधला प्रसंग "थोडा बदलून" पण टाकू नका. बॅज लावून हॉलमध्ये काढलेला सेल्फी पण नको, मागे व्हाइटबोर्डवर कुणाचंतरी नाव असतं. डेटा सायन्सचा प्रोजेक्ट असेल तर सार्वजनिक डेटासेट घ्या, हॉस्पिटलच्या फाइल्सना हात लावू नका.

पायरी ६: आठवडा मांडायचा, तासांपेक्षा डोकं कधी ताजं असतं ते बघून

आठ तासांच्या शिफ्टनंतर संध्याकाळी सहाला घरी येऊन कोड लिहीन असं कागदावर छान दिसतं. होत नाही. प्रोजेक्टला तुमचे ताजे तास द्या, आणि बहुतेकांचे ते सकाळचे असतात.

एक नमुना देते, तुम्ही तुमच्याप्रमाणे फिरवा. सोमवार आणि बुधवार पूर्ण दिवस क्लिनिकल नोकरी, आठ-आठ तास. मंगळवारी सकाळी तीन तास प्रोजेक्ट, दुपारी घरची कामं, फॉर्म, ईमेल. गुरुवारी चार तासांची व्हॉलंटियर शिफ्ट. शुक्रवारी सकाळी परत तीन तास प्रोजेक्ट. शनिवारी चार तास सलग प्रोजेक्ट. रविवार रिकामा, आणि रिकामा म्हणजे रिकामा. आठवड्याला क्लिनिकल २० तास आणि प्रोजेक्ट १० तास झाले, एक आठवडा वाया गेला तरी अकरा आठवड्यांत २२० आणि ११०. एकशे दहा तासांत कापून लहान केलेला प्रोजेक्ट आरामात होतो.

यात जाण्यायेण्याचा वेळ धरायला विसरू नका, पाऊण तास जायला आणि पाऊण तास यायला म्हणजे चार तासांची शिफ्ट साडेपाचची झाली. नोकरी घेतानाच मॅनेजरला सांगा की मला ठरलेले वार हवेत, पगार किंचित कमी असला तरी वार ठरलेले मिळत असतील तर ती नोकरी घ्या.

फुल टाइम रिसर्च प्रोग्राम मिळाला, दहा आठवडे, आठवड्याला चाळीस तास, तर त्या समरला नवीन क्लिनिकल काम सुरू करू नका. वर्षभर कुठे शिफ्ट चालू असेल तर महिन्यातून दोन शनिवार ठेवा, प्रोजेक्ट शनिवार-रविवारच्या एकाच सकाळी, आणि बाकी झोपा.

भारताची ट्रिप

आपल्याकडे समर म्हणजे तीन-चार आठवडे भारत, ते सुटत नाही आणि सुटू पण नये, आजी-आजोबा वाट बघत असतात. फक्त तारखा एप्रिलच्या आत ठरवा आणि व्हॉलंटियर कोऑर्डिनेटरला पहिल्याच दिवशी सांगा. प्रोजेक्ट असा घ्या की तिथे नेता येईल किंवा त्या आठवड्यांत सरळ बंद ठेवता येईल.

तिकडे ओळखीतले डॉक्टर काका-मावशी प्रेमाने म्हणतात, ये ओटीत, टाके घालून बघ, इंजेक्शन दे. नाही म्हणा. जे काम इथे करायची परवानगी नाही ते तिथेही करायचं नाही, परदेशातल्या अनुभवांबद्दल एएएमसीची, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात, आणि अर्जात असं काही लिहिलं तर ते तुमच्या विरुद्धच जातं. मुख्य म्हणजे तो पेशंट माणूस आहे, तो सरावासाठी आलेला नाही. शेजारी उभं राहून बघा, दोन्हीकडच्या पद्धतीत काय वेगळं आहे ते टिपून ठेवा, ते भरपूर आहे.

पायरी ७: रोजची नोंद, पाच मिनिटं

एकच शीट बनवा. तारीख, ठिकाण, तास, तुमच्यावर देखरेख करणाऱ्याचं नाव आणि संपर्क, आणि दोन ओळी की आज काय बघितलं, काय वाटलं, अर्थात पेशंटची ओळख न पटेल अशा. अर्ज भरताना सुरुवात-शेवटच्या तारखा, एकूण तास आणि संपर्काची व्यक्ती विचारतात, एकाच कामाचे वेगवेगळे कालावधी असतील तर चारपर्यंत टाकता येतात, आणि पुढे होणारे अपेक्षित तास वेगळे दाखवता येतात. दोन वर्षांनी आठवून लिहायला बसलात तर अंदाजपंचे होतं. प्रोजेक्टचे तास पण याच शीटमध्ये टाका, दोन्ही रकाने शेजारीशेजारी दिसले की कोण कुणाला खातंय ते लगेच कळतं.

पायरी ८: जुलैच्या मध्याला कात्री

ठरवलेल्यातलं काहीतरी मागे पडलेलं असणारच. तेव्हा काय कापायचं याचा क्रम आधीच ठरवून ठेवा. माझा क्रम असा: आधी नवीन आलेल्या ऑफर, मग राहिलेलं शॅडोइंग, ते हिवाळ्याच्या सुट्टीतही होतं. मग प्रोजेक्टचा आकार, तीनच्या ऐवजी दोन कथा, पण प्रोजेक्टचे ठरलेले तास नाही कापायचे. पेशंटसमोरची शिफ्ट सगळ्यात शेवटी, आणि ती सुद्धा कळवून, कारण तिथे तुमच्या नावावर कुणीतरी अवलंबून असतं. झोप या यादीत येत नाही.

घरच्यांशी बोलणं याच सुमाराला करावं लागतं. "समरमध्ये हे काय खेळत बसलायस" असं बाबा म्हणाले तर वाद घालू नका, ते कॅलेंडर आणि ती शीट उघडून दाखवा. त्यांना काळजी असते की मुलगा भरकटतोय का, आणि क्लिनिकलच्या रकान्यात आठवड्याला वीस तास भरलेले दिसले की ती काळजी बरीच कमी होते. ओळखीतल्या कुणाच्या मुलीने किती तास केले ही तुलना निघाली तर सरळ सांगा की तिचा समर वेगळा, माझा वेगळा, आणि विषय बदला.

समरचे शेवटचे दोन आठवडे

व्हॉलंटियर कोऑर्डिनेटरला जाऊन भेटा आणि सेमिस्टरमध्ये कमी शिफ्ट मिळेल का विचारा, दर आठवड्याऐवजी एक सोडून एक शनिवार सुद्धा चालतो. ज्याच्याबरोबर भरपूर काम केलंय त्या डॉक्टरला किंवा पीआयला आत्ताच विचारा की पुढे शिफारसपत्र द्याल का, दोन वर्षांनी ईमेल केला तर चेहरा पण आठवत नाही, आणि होकार मिळाला तर तुमच्या शीटमधल्या दोन-दोन ओळींतून एक पान काढून त्यांना पाठवून ठेवा. प्रोजेक्टचं नवीन काम १० ऑगस्टला थांबवा, त्यानंतर फक्त पॉलिश, आणि १५ तारखेला तो प्रत्यक्ष कुणाच्यातरी हातात द्या, आजीच्या फोनमध्ये ॲप टाका, कथा तीन जणांना वाचायला पाठवा, रेकॉर्डिंग गुरुजींना ऐकवा. त्यांनी काय म्हटलं ते शीटच्या शेवटच्या ओळीत लिहून ठेवा, पुढच्या समरचा प्रोजेक्ट ठरवायला तिथूनच सुरुवात करता येईल.